दुसरी हाक

शेजारच्या क्वार्टरमधली मिताली दिवसभर फोनवर बोलते, पण तिच्या टेबलावर फोन नाही. आमच्या सेक्टर १० मधल्या बायकांना सुरुवातीला याची फार गंमत वाटायची. पाणी शुद्ध करायच्या मशीन विकणारी एक कंपनी आहे पुण्याला. गिऱ्हाईक तिथला नंबर लावतं आणि घंटी इंटरनेटवरून इथे भिलाईत, मितालीच्या लॅपटॉपवर वाजते. तिच्यासारखी माणसं गावोगावी आपापल्या घरी बसलेली आहेत; जो रिकामा असेल त्याला फोन जातो. गिऱ्हाइकाला वाटतं, सगळे एका मोठ्या हॉलात बसलेत.

मिताली मूळची दुर्गची, तिथल्या जुन्या मराठी घरातली. लग्न होऊन आली तेव्हा सुपेल्याच्या बाजारात एका दुकानात बिलं करायची. रोजच्या ऑटोच्या धक्क्यांना कंटाळली आणि हे घरबसलं काम धरलं. नवरा ऋषभ इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये, आज सकाळची शिफ्ट तर उद्या रात्रीची. सासरे हरिभाऊ त्याच प्लांटमधून रिटायर झालेले. आणि सासू बेबीताई, माझी भजनातली सोबतीण, गोंदियाकडची. ती गेली त्याला आता बरेच दिवस झाले, तरी लिहिताना हात ‘होती’पाशी अडतो.

कामावर बसताना मिताली कानांवर मोठे गोल हेडफोन चढवते. त्यात अशी सोय आहे की आजूबाजूचा आवाज गाळला जातो आणि समोरच्याला फक्त हिचंच बोलणं ऐकू जातं. नवीन होते तेव्हा बेबीताईने परीक्षाच घेतली. मितालीला त्यावरून मला फोन लावायला लावला, शेजारी उभी राहून देवाची घंटी वाजवली आणि भिंतीपलीकडून ओरडून विचारलं, “आला का व आवाज?”

मी माझ्या घरातून सांगितलं, फोनात काही नाही, भिंतीतून मात्र येतोय.

“बरं हाय बापा,” ती म्हणाली. “देवाले तं जाते ना ऐकू? मंग झालं.”

“आई, तिकडे पुण्याच्या मॅडमला ऐकू गेली असती तर माझ्या कामाचे नंबर कटले असते,” मिताली हसत म्हणाली.

“कावून? तुई मॅडम देव नाही मानत का?”

दोघींचं असं चालायचं. सासू-सुनेचं भांडण मी त्या घरातून ऐकलं ते एकदाच, लग्नाच्या पहिल्या वर्षी. दिवेलागणीला बेबीताईने मागच्या बाडीतून, म्हणजे परसातून, हाक मारली आणि मितालीने लगेच ‘ओ’ दिली. बेबीताई तरातरा आत आली. म्हणाली, “सांजेच्या वक्ती एका हाकेले ओ देऊ नको. कोन बलावते काय मालूम. ते असं-तसं असलं तं एकदाच बलावते, दुसऱ्यांदा त्याले बलावता येत नाही. मी दोनदा बलावीन. दुसरी हाक आली का ये.”

मिताली शिकलेली मुलगी, आधी हसली, चिडली, मग सवय झाली. बेबीताई खरंच दिवेलागणीनंतर दोनदाच हाक मारायची. पहिली मारून श्वास घ्यायची, मग दुसरी. आमच्याकडे भाजी चिरता चिरता मला दोन्ही ऐकू यायच्या.

कार्तिकातल्या त्या संध्याकाळी मी घरी नव्हते, देवळात होते; सांगते ते मितालीकडून ऐकलेलं. ऋषभ ड्यूटीवर होता. हरिभाऊ सुपेल्याला गेले होते. बेबीताई दिवा घेऊन मागे तुळशीपाशी गेली. मिताली कामावर, नाशिककडचा कोणी गृहस्थ फोनवर. त्याच्या मशीनमधून पाणी गळत होतं आणि ती त्याला कुठलं झाकण कसं फिरवायचं ते सांगत होती. हेडफोनच्या आडून तिला लांबून हाक आली, “मिताली.”

एकदा.

ती थांबली. दुसरी येईल म्हणून वाट बघितली. आली नाही. मग त्या गृहस्थाचं झाकण बसेपर्यंत ती बोलत राहिली. उठून मागे गेली तर बेबीताई तुळशीपाशी आडवी पडलेली आणि वृंदावनात दिवा नीट जळत होता. दवाखान्यात नेलं तेव्हा ती बोलत नव्हती. सकाळी गेली. डोक्यात रक्तस्राव झाला होता, डॉक्टर म्हणाले. लवकर आणलं असतं तर, असं ऋषभने विचारलं. डॉक्टरांनी सहीसाठी कागद पुढे केला.

तेराव्यापर्यंत मिताली एकच वाक्य बोलायची. “काकू, आईने दुसरी हाक मारली नाही. मारली असती तर मी उठलेच असते.” मी म्हणायची, होय गं, तिला मारता आली नसेल. त्या वाक्यावर ती जगत होती म्हटलं तरी चालेल. तिने सासूचंच ऐकलं होतं.

ती कामावर परत बसली. त्यांच्या पुण्याच्या मॅडम, प्रांजली, महिन्याला काही रेकॉर्डिंग ऐकून कामाचे नंबर देतात. मितालीने त्यांना समोर कधी पाहिलेलं नाही. त्यांनी एक जुना कॉल काढला आणि प्रेमानेच समजावलं, बोलणं छान आहे, पण मध्येच दोन ठिकाणी थांबलीस, गिऱ्हाइकाला ‘आहात का’ म्हणून विचारावं लागलं. कॉल त्याच संध्याकाळचा होता. मॅडमना काय माहीत.

“दोन ठिकाणी म्हणाल्या,” मिताली माझ्या दारात उभी राहून म्हणाली. भर दुपार होती, पायात चप्पल नव्हती. “मले एकच आठवते, काकू.”

तिने ते रेकॉर्डिंग मागून घेतलं होतं. ऋषभ म्हणाला होता, मत सुन, जो हुआ सो हुआ. पण तिला ऐकायचं होतं, एकटीने होत नव्हतं. आम्ही माझ्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला. देवाचं नाव घेऊन मी शेजारी बसले.

तिचा आवाज आला, गोड, कामावरचा. “सर, मशीनच्या खाली जी निळी नळी आहे...” आणि थांबला. मी कान देऊन ऐकलं. मागे काहीच नव्हतं. कुत्रं नाही, रस्त्यावरची गाडी नाही, प्लांटची ती रात्रंदिवसाची घरघर नाही. जणू अख्खं भिलाई पुसून काढलं होतं. तो गृहस्थ “हॅलो?” म्हणाला आणि मिताली पुढे बोलू लागली.

“ही पहिली,” मिताली म्हणाली.

मग नळी झाली, वॉशर झाला. “आता झाकण डावीकडे...” आणि पुन्हा थांबली. या वेळी जास्त वेळ. ती पुसलेली शांतता मला सोसेना, मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

“मॅडम, आहात ना?” गृहस्थाने विचारलं.

“आहे, सर.”

मितालीने लॅपटॉप थांबवला.

“झाकण कसं फिरवायचं ते आठवायला थांबली असशील,” मी म्हणाले.

“ते मी दिवसातून वीसदा सांगते, काकू. झोपेत सांगीन.” तिचा आवाज अगदी साधा होता. “मी ऐकलं होतं. आईने दुसऱ्यांदा बलावलं आणि मी ऐकलं.”

खोटं बोलून बघितलं असतं, पण समोर देव्हाऱ्यात देव होते आणि तीही.

दारात हरिभाऊ होते. कधी आले कळलं नाही. सून उघड्या पायांनी इकडे आलेली पाहून मागे आले असावेत. “काय ऐकून राहिल्या?” त्यांनी विचारलं. मितालीने लपवलं नाही. उभी राहून सगळं सांगितलं, दुसरी हाक आली होती हेही. मला वाटलं म्हातारा आता मोडेल, नाहीतर तिला काही बोलेल.

ते खुर्चीवर बसले. “लाव,” म्हणाले.

“बाबा, त्यात आईचा आवाज नाही. तो मशीन गाळून टाकते.”

“लाव तं खरी.”

त्यांनी ते दोनदा ऐकलं. पहिल्या थांब्याला मान हलली नाही. दुसऱ्याला त्यांनी डोळे मिटले, आणि गृहस्थाने विचारलं तेव्हा हात वर केला, जसं कोणी मध्ये बोललं की आपण गप्प करतो.

“तिथं हाय ते,” ते म्हणाले. “माह्या मोबाइलमधी टाकून दे.”

मितालीने माझ्याकडे बघितलं. तिने टाकून दिलं.

आता संध्याकाळी मी दिव्याला तेल घालत असते तेव्हा भिंतीपलीकडच्या बाडीतून मितालीचा आवाज येतो, हरिभाऊंच्या मोबाइलमधला, निळ्या नळीचं सांगणारा. खरी मिताली तेव्हा आतल्या खोलीत दुसऱ्याच कुणाशी बोलत असते. ऋषभने वडिलांना समजावलं, ते ऐकत नाहीत. मितालीने त्यांना एकदाही थांबवलेलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, “ते आईले भेटतात, काकू. मी कोणत्या तोंडाने नाही म्हणू?”

मोबाइलमधला आवाज थांबतो. माझी वात हातातच राहते. त्याच वेळी आतल्या खोलीतलं तिचं बोलणंही थांबतं, आणि कुठल्या तरी गावचं कोणी तरी तिला विचारत असेल, मॅडम, आहात ना. तिचं उत्तर मला भिंतीतून ऐकू येत नाही.