डवऱ्यातलं पाणी
शेजारच्या बांधकामावर वाळू उतरली की तिच्या ओलसर वासासरशी मी तलासरीपलीकडच्या त्या नदीकाठी जाऊन पोचते. नव्वदच्या आधीचा एक उन्हाळा होता आणि माझी नोकरी नवी होती. डहाणू रोडला उतरायचं, सरकारी जीपने नदी गाठायची आणि काचेच्या बाटल्यांत पाण्याचे नमुने भरायचे. वरच्या अंगाला रंगाचा कारखाना होता. पाणी इतकं सुंदर जांभळं दिसे की आपण कशासाठी आलोय तेच विसरायला व्हायचं. ताडांच्या सावल्या त्यात हलत, फेस फुलांसारखा तरंगत जाई. चार पावलांवर एक म्हातारी वाळूत डवरा खणून, त्यात झिरपलेलं नितळ पाणी करवंटीने हंड्यात भरत होती. मला घामाघूम पाहून तिने करवंटी पुढे केली. "पी बाई, गार हाय." मी हसून घरून आणलेली बाटली दाखवली. तिने जांभळ्या नदीकडे बोट केलं. "मंग हे पन तसलंच हाय का?" मी म्हणाले, "तपासावं लागेल." पण नमुन्याच्या बाटल्या नदीपुरत्याच मोजून दिलेल्या, डवऱ्यासाठी एकही उरली नव्हती. तिने करवंटीतलं पाणी वाळूवर ओतलं आणि पुन्हा वाकून हंडा भरू लागली. अहवाल पावसाळा उलटल्यावर आला. त्यात नदी होती, डवरा नव्हता. त्या पाण्याची तपासणी झाली ती एवढीच, की मी ते प्यायले नाही.