चौथ्या मजल्यावरचा प्रॉम्प्टर

खिएम आजोबांनी अडतीस वर्षं पडद्याआड बसून प्रॉम्प्टिंग केलं. त्यांची कुजबुज रंगमंचाच्या पार टोकाला उभ्या नटापर्यंत पोचायची, पण पहिल्या रांगेतल्या माणसाला ती कधी ऐकू गेली नाही. सायगॉनच्या नाटकमंडळ्यांत असा दुसरा प्रॉम्प्टर झाला नाही.

हा माणूस गेल्या वर्षी घराच्या चौथ्या मजल्यावर गेला, पूर्वजांच्या देव्हाऱ्याशेजारच्या खोलीत. खालची खोली सुनेच्या, लोआनच्या, चहाच्या दुकानाला हवी होती. घर एका खोलीएवढं रुंद आणि काड्यापेट्या एकावर एक रचाव्यात तसं उंच. राउटर तळाशी, दुकानात. वायफाय एकेक स्लॅब चढत देव्हाऱ्यापर्यंत येईतो त्याचा जीव जाई, आणि आजोबांच्या जुन्या फोनला दुसरं नेट नव्हतं.

वर नेटची गरज होती ती थोआबाईंसाठी. एके काळच्या या नायिका आता दूर सादेक गावी राहत. त्यांना ओळी आठवत नसत. रंगभूमीच्या आद्यगुरूंच्या तिथीला देवळात गायचं त्यांनी कबूल केलं होतं, पण एका अटीवर. "कानात खिएमदादा हवेत."

तालमीसाठी आजोबा गुडघे धरत खाली उतरत, राउटरजवळ स्टुलावर बसत आणि फोनमध्ये कुजबुजत.

"बाबा, गिऱ्हाइकांना वाटतं तुम्ही भुतांशी बोलताय," लोआन म्हणाली.

"भुतं ओळी विसरत नाहीत गं."

ती हसली नाही. दोन दिवसांनी तिने एक पांढरी डबी आणून दिली. "हा रिपीटर, वायफाय पकडून पुढे पाठवतो. तुमच्या खोलीत लावा. आता खाली यायची गरजच नाही!"

बिछान्याशेजारी लावलेल्या डबीवर लाल दिवा लागला. थोआबाईंचा आवाज तुकड्यातुकड्यांनीच येत राहिला. आठवडाभर आजोबा त्या दिव्याकडे बघत बसले आणि मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही, तो पुढे काय सांगणार? प्रॉम्प्टरला वहीवर उजेड हवा आणि नटाचा कानही हाकेवर हवा. त्याची जागा मधे. डबी घेऊन ते जिना उतरले आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावरच्या प्लगमध्ये ती खोचली. दिवा हिरवा झाला. वर सादेकच्या कोंबड्यासुद्धा ऐकू येऊ लागल्या.

त्या दिवसापासून जेवणाचं ताटही वरच येऊ लागलं.

तिथीच्या दुपारी आजोबांनी धुतलेला शर्ट घातला, वही उघडली. फोनवर देऊळ दिसत होतं, वाद्यं लागली होती. अंबाड्यातल्या फुलांखाली थोआबाईंनी इअरफोन लपवला होता. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. आजोबा शब्द पुढे करत होते आणि बाई त्यांचं सोनं करत होत्या. तिसऱ्या कडव्यात "नदीकाठी..." म्हणून त्यांनी हात वर नेला आणि चित्र थिजलं.

"...दिवा ठेवून गेलास," आजोबा कुजबुजले. पुन्हा कुजबुजले. मग ओरडले, आयुष्यात पहिल्यांदा.

ते कठडा धरून जिना उतरले. वळणावर लोआन दुकानाचे एप्रन इस्त्री करत होती. डबी पायरीवर पडली होती.

"दहाच मिनिटांसाठी काढली हो बाबा. एवढं काय झालं?"

संध्याकाळी थोआबाईंचा फोन आला.

"मी हात वर करून तशीच उभी राहिले, दादा. गाणं संपलं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाठीमागून कुणीतरी 'बिचारी' म्हणालं." मग म्हणाल्या, "तुम्ही होतात ना तिथे?"

आजोबांनी वही मिटली.

"होतो ना, बाई. पान उलटायला उशीर झाला. चूक माझीच."

 लाइन अगदी स्वच्छ होती.

"अडतीस वर्षांत कधी झाला नव्हता," त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

एकेक अक्षर ऐकू आलं.