हिरव्या कड्याची पिल्लं

आमच्या समोरच्या घरातल्या मावशीला तिची आई शेवटपर्यंत ‘चिमटी’ म्हणायची. जन्मली तेव्हा चिमटीत मावेल एवढीच होती, म्हणून. तिच्याहून बऱ्याच वर्षांनी मोठा असा एक भाऊ होता, पण तो आईच्या पहिल्या नवऱ्याचा. तो नवरा राजबिंडा, गळ्यात गाणं असलेला. तापाने अचानक गेला. मग माहेरच्यांनी आईला एका अबोल पहारेकऱ्याच्या गळ्यात बांधलं. चिमटी त्याची.

भाऊ त्या राजबिंड्या बापाचा चेहरा घेऊन आला होता. ऐन तारुण्यात नदीवर पोहायला गेला तो परतलाच नाही. देह सापडला नाही, म्हणून आईने त्याला गेलेला मानलंच नाही. त्याच्या खोलीत अंथरूण रोज झटकून घातलं जाई. दुपारी आई तिथे दार लोटून बसे आणि हलक्या आवाजात बोलत राही. चिमटी तेव्हा शाळकरी होती. बाहेर अभ्यास करताना तिला आईचं बोलणं ऐकू यायचं, मग थोडी शांतता, मग आईचं हसणं. त्या मधल्या शांततेत कोण बोलतं, हा प्रश्न तिने कधी विचारला नाही. पहारेकरी बापही विचारत नसे. तो जेवून कामावर जाई, आणि एक दिवस असाच कुणालाही त्रास न देता गेला.

मोठी झाल्यावर मावशी एका संशोधन संस्थेत लागली. तिथे लाल चोचीची, मुठीत मावतील अशी पाखरं पाळलेली होती. आधी पिंजरे धुणं, मग दाणापाणी, मग अंड्यांची वजनं. शेंगदाण्याएवढं अंडं चमच्याने उचलायचं, काट्यावर ठेवायचं, आकडा सांगायचा, परत घरट्यात. संशोधक मॅडमनी काही नरांच्या पायांत लाल कडी घातली होती, काहींच्या हिरवी.

“हे कशाला, मॅडम?”

“मादीला लाल कड्याचा नर जास्त आवडतो. मग ती त्याच्या अंड्यांत जास्त पोषण घालते. हिरवं कडं दिसलं की हात आखडता घेते. निदान आम्हाला तसं वाटतंय, तेच तपासतोय.”

“पाखराला हात कुठे, मॅडम?”

दोघी हसल्या. पण मावशीचं हसू घरी पोचेपर्यंत टिकलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून अंडं काट्यावर ठेवलं की तिला पाठीमागे कुणीतरी उभं असल्याचं जाणवे. आईच्या साबणाचा वास येई. आई तर जिवंत होती, घरी बसलेली होती! मावशी मागे वळून बघे. पिंजरे आणि पांढरी भिंत. लाल कड्याच्या अंड्यांच्या वेळी मात्र वास यायचा नाही.

हिरव्या कड्याच्या एका जोडीचं पिल्लू फार अशक्त निघालं. चोच उघडायचं, पण मान वर धरवायची नाही. मावशी म्हणाली, “मी भरवू का?” मॅडम म्हणाल्या, “नको ताई, प्रयोगात हात घालायचा नसतो.” पिल्लू गेलं. त्या आठवड्यात पिंजऱ्यांपाशी कुणी नाही असं बघून मावशीने त्याच नराच्या पायातलं हिरवं कडं काढलं आणि लाल चढवलं.

पुढच्या खेपेला त्या मादीची अंडी जड भरली.

मावशीला आनंद व्हायला हवा होता. ती तेच अंडं पुन्हा पुन्हा काट्यावर ठेवत राहिली. “म्हणजे तिच्याकडे होतं गं,” ती मला नंतर म्हणाली. “देता येत होतं तिला.”

तिने स्वतःच जाऊन मॅडमना सांगितलं. मॅडम संतापल्या. ती जोडी प्रयोगातून बाद झाली आणि मावशीकडून काटा काढून घेतला गेला. मावशी दारातच घुटमळली. “पण मॅडम, खरंच कड्यामुळे झालं ना?”

मॅडमचा राग तोवर ओसरला होता. “कुणास ठाऊक. दुसऱ्या खेपेला मादी धडधाकट असेल, दाणा जास्त खाल्ला असेल. एका जोडीवरून काही सांगता येत नाही. वजन कळतं ताई, कारण कळत नाही.”

त्या दुपारी ती लवकर घरी आली. भावाच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिने ते ढकललं. आई अंथरुणाच्या कडेला बसली होती.

“आई, मला कमी का दिलंस?”

कसलं कमी, असं आईने विचारलं नाही. ती चादरीवरून हात फिरवत राहिली.

“तुझ्या वेळी माझ्यात काही उरलंच नव्हतं गं.”

मावशीचा जीव भांड्यात पडला. ती आईजवळ बसणार, एवढ्यात आई उशीकडे बघत म्हणाली, “आणि तुझा बाप…”

“बाबांचं काय?”

“काही नाही. भला माणूस होता बिचारा.”

त्याच हिवाळ्यात आई गेली. लोक म्हणाले, आता ती खोली भाड्याने दे, चार माणसांचा आवाज होईल घरात. मावशीने चादरी, कपडे सगळं देऊन टाकलं, खिडकी सताड उघडली, भिंतींना नवा रंगही दिला. पण भाडेकरू ठेवला नाही.

परवा दुपारी मी तिच्याकडे गेले. ती खोलीच्या दाराबाहेर उभी होती, कान लावून. मला बघून जराही ओशाळली नाही.

“दोघं बोलत असतात,” ती म्हणाली. “मी आत गेले की गप्प होतात.”

“मग?” मी विचारलं.

“मग काय? जाऊन बसते मधोमध. त्यांना आवडो न आवडो.”

तिने दार उघडलं, आत गेली आणि भिंतीला टेकून पाय पसरून बसली.