विकायला नसलेला शंख

युसूफ वडगाव या गावच्या बाजारात एक माळवाला बैलांसाठी कवड्यांच्या माळा विकतो. एकदा सांगितलेला भाव माझ्यासारख्या जमीनदारापुढेही कमी करत नाही. माळांच्या मधोमध एक निमुळता, नक्षीदार शंख मांडतो, पण तो कुणालाच विकत नाही. मी उचलला, तर भर बाजारात त्यानं माझ्या हातावर फटका मारला. माझा तो राग अजून गेलेला नाही.

"रिकाम्या शंखासाठी कावून मारलंस बे?"

"माज्या भावालाबी रिकामाच वाटला, मालक. आमी रामेश्वरला गेलतो. उथळ पान्यात त्याला असलाच घावला. बैलाच्या कपाळाला शोभंल म्हनून त्यानं कनवटीला खोसला. आत जिती, इखारी गोगलगाय हुती. तितंच डसली. भाऊ वाचला न्हाई."

"अन् तू?"

तो माळा सारख्या करत राहिला.

"शेजारीच हुतो. लई देखना हाय, घे म्हनलो."