भ्यालास का?

मारामारीच्या केसमधला माणूस दारात आला, की मन्मथअप्पा त्याचं नाव विचारत नसत, गाव विचारत नसत, बसही म्हणत नसत. चष्मा कपाळावर सरकवायचे, त्याला वरपासून खालपर्यंत एकदा न्याहाळायचे आणि पहिला प्रश्न टाकायचे, "भ्यालास का?"

आता लातूर-औशाकडच्या पुरुषाला चारचौघांत हे विचारायचं म्हणजे अवघडच काम. तो ताडकन म्हणायचा, "भिताव कशाला ओ अप्पा? आपल्याला भ्या ठावंच न्हाई!" की अप्पा हात जोडायचे. "मग जा बाबा जेलात. न भिणाऱ्यांची सोय तिकडंच हाय." आणि खरंच फाईल मिटवून चहा मागवायचे.

मी भोकरची. लातुरात वकिली शिकले आणि अप्पांच्या हाताखाली लागले. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. पहिल्या दिवसापासून मी त्यांची 'भोकरवाली'. पहिल्याच आठवड्यात त्यांनी असा एक पक्षकार हाकलला तेव्हा मी चिडले. म्हटलं, "अहो अप्पा, दारात आलेला माणूस काहून हाकलून राहिले तुम्ही?"

"हाकलून राहिले म्हणं!" त्यांनी माझी नक्कल केली. मग एकदम गंभीर झाले. "हे बघ भोकरवाली, कलम शंभर हे भित्र्यांचं कलम हाय. रस्त्यात कुणी तुला अडवलं, हत्यार उगारलं, आता आपण मेलो, न्हाईतर हातपाय तरी गेला, असं तुला खरंच वाटलं, तर समोरच्याचा जीव गेला तरी कायदा तुला माफ करतो. पण तसं वाटलं पाहिजे. आन तुझ्या जागी दुसरा कुणी शहाणा असता तर त्यालाबी तसंच वाटलं असतं, असं पाहिजे. पोलिसांकडं जायला सवड असली तर हत्यार उचलायचं न्हाई. आन समोरचा पळाला, पडला, हातातलं टाकला, की तुझं भ्या संपलं. तिथून पुढं एक जरी वार केलास तर तो बचाव न्हाई, बदला. कायदा भ्याला माफ करतो, रागाला न्हाई."

आता जुन्या दंड संहितेच्या जागी नवी संहिता आली, कलमांचे आकडे बदलले, तरी मी ज्युनियरांना हेच सांगते, अप्पांच्याच शब्दांत.

औशाच्या मारुतीची केस अजून आठवते. बाजारातून गावाकडे निघालेल्या या गड्याला रस्त्यात तिघांनी अडवलं. एकानं गळा आवळला, तेव्हा मारुतीनं पिशवीतला कोयता काढून त्याच्या खांद्यात घातला. सरळ बचावाची केस. पण मारुती मानेल तर ना! "मी भ्यालो असं बोललो तर गावात तोंड दावायला जागा न्हाई, बाई," म्हणून हटून बसला. मी समजावलं, त्याच्या बायकोनं समजावलं, शेवटी अप्पा म्हणाले, "गाव हसंल, चार दिवस हसंल. जेलात हसायलाबी कुणी नसतंय." तेव्हा कुठे त्यानं कोर्टात मान खाली घालून सांगितलं, "भ्यालतो सायेब. लई भ्यालतो." सुटला बिचारा. गावात त्याचं नाव मात्र 'भ्यालता मारुती' पडलं ते पडलंच. पण दर संक्रांतीला तो अप्पांकडे तिळगूळ घेऊन यायचा.

अप्पांकडे परवान्याचं रिव्हॉल्व्हर होतं. जुन्या एका खटल्यात धमक्या आल्या होत्या, तेव्हा मित्रांनी आग्रह करून ते घ्यायला लावलं. वर्षभर कपाटात पडून असायचं. निवडणूक आली की नियमाप्रमाणे पोलीस ठाण्यात जमा, निवडणूक झाली की परत कपाटात. बाहेर निघायचं ते दसऱ्याला. रेणापूरजवळच्या शेतात विळा, कुदळ, ट्रॅक्टर, कायद्याची चार जाड पुस्तकं आणि त्यांच्या मधे ते रिव्हॉल्व्हर, अशी पूजा मांडायची. एकदा मी थट्टेनं विचारलं, "अप्पा, हे तुम्ही कधी चालवणार?"

"मला कशाला लागतंय ते?" अप्पा म्हणाले. "मी काय भिताव का कुणाला?"

आम्ही दोघंही हसलो होतो.

मग तो दसरा आला. मी तिथं नव्हते. जे झालं ते साक्षी-पुराव्यांतून आणि आक्कांच्या तुटक बोलण्यातून मला कळलं. आक्का म्हणजे अप्पांची बायको. दोघं शेतावरची पूजा आटोपून गाडीनं लातूरला येत होते. दिवस मावळला होता. रेणापूरला झेंडू विकून रिकामी परतणारी एक पिकअप ओव्हरटेक करताना अप्पांच्या गाडीला घासली. दोन्ही गाड्या थांबल्या, शिवीगाळ झाली. पिकअपवाला बालाजी, पंचविशीतला तापट पोरगा, त्यानं चाक खोलायची लोखंडी टॉमी काढली आणि आक्कांच्या बाजूची काच फोडली. "म्हाताऱ्या, आज तुला जित्ता सोडत न्हाई," असंही म्हणाला. अप्पांनी गाडी दामटली आणि निघाले. इथपर्यंत सगळं शहाणपणाचंच.

थोडं पुढं जाऊन त्यांनी गाडी बाजूला घेतली. आक्कांच्या मांडीवर काचा होत्या, गालातून रक्त येत होतं. तेवढ्यात मागून पिकअपचे दिवे आले आणि थांबले. त्या उजेडातून बालाजी पळत येताना दिसला, उजवा हात वर. अप्पा रिव्हॉल्व्हर घेऊन खाली उतरले. त्यांनी एकच गोळी झाडली.

बालाजीच्या हातात टॉमी नव्हती. आपट्याची पानं होती.

पिकअपमध्ये त्याचा चुलता बसला होता. त्यानंच पोराला झापलं होतं, सणाचा दिवस हाय, म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर जातोस, जा, सोनं दे आणि पाया पड. अप्पांनी आणि त्या चुलत्यानं मिळून बालाजीला गाडीत घातलं. पुढं आक्का, मागं चुलत्याच्या मांडीवर ते पोरगं. दवाखाना यायच्या आत ते गेलं. तिथून अप्पा स्वतः पोलीस ठाण्यात गेले आणि रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं. वर्षानुवर्षं ज्या ठाण्यात पक्षकारांसाठी भांडले, तिथंच बाकावर बसून राहिले.

वकीलपत्रावर सही घ्यायला मी तुरुंगात गेले. अप्पांच्या कपाळावर विभूती नव्हती, दाढी वाढली होती. पण केस मला चालवायची होती आणि केस कुठून सुरू करायची हे मला या माणसानंच शिकवलं होतं. म्हणून मन घट्ट करून विचारलं, "अप्पा, भ्यालात का?"

मला वाटलं, आता खेकसतील. चष्मा काढून त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसला. पुसून झाल्यावरही पुसतच राहिले. मग म्हणाले, "लिही, हाव म्हणून."

आणखी एकच गोष्ट त्यांनी बजावली. "आक्काला साक्षीला आणायचं न्हाई. पोलिसांना तिनं सांगितलंय, डोळे मिटले होते म्हणून. तेवढं पुरे."

मला ते पटलं. म्हाताऱ्या बाईला कशाला पिंजऱ्यात उभं करायचं, म्हटलं.

सरकारी वकिलाचा सगळा जोर एका मुद्द्यावर होता. गाडी चालू होती, आरोपी निघून जाऊ शकत होता, मग तो खाली का उतरला? भ्यालेला माणूस गाडीतून उतरतो का? मी म्हटलं, काच फुटली होती, आत जखमी बायको होती, नवरा मधे उभा राहिला तर त्यात नवल काय? जीव वाचवायला पळालंच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. आणि बचावाचा हक्क नुसता स्वतःच्या शरीरापुरता नाही, दुसऱ्याच्याही शरीरासाठी आहे. मुद्दे चोख होते. सगळे अप्पांचेच होते.

मग त्या चुलत्याची उलटतपासणी. धुतलेलं पांढरं धोतर नेसून आला होता, हात सारखे जोडलेले. मी विचारलं, "पाठीमागून गाडीचा उजेड होता. समोर उभ्या असलेल्या माणसाला बालाजीच्या हातात काय आहे ते दिसत होतं का?"

तो म्हणाला, "न्हाई बाई. दिसत न्हवतं." आणि पुढं म्हणाला, "पन मला ठावं होतं की ओ. मीच तर दिलो त्याच्या हातात."

पुढचं वाक्य केसच्या कामाचं नव्हतं. पहिलं माझ्या कामाचं होतं, ते नोंदलं गेलं. केस मी तिथंच जिंकले आणि त्या दिवशी घरी जाऊन जेवले नाही. माझाच राग येत होता मला, अप्पांचा येत होता, त्या मेल्या पोराचाही येत होता. टॉमी काढलीच कशाला रे बाबा!

शेवटी न्यायाधीशांनी आरोपीला विचारलं, काही सांगायचंय का? कोर्ट गच्च भरलं होतं. वकिलांचा निम्मा बार आला होता. ज्यांना अप्पांनी उभं आयुष्य 'भ्यालास का' विचारलं, त्यांतलेही काही मागं उभे होते, औशाचा मारुतीसुद्धा. अप्पा उठले. ज्या आवाजात ते ऑब्जेक्शन घ्यायचे तो आवाज नव्हताच तो.

"मी भ्यालो होतो," अप्पा म्हणाले आणि खाली बसले.

सुटले. निकालात लिहिलं होतं की, काही वेळापूर्वीची धमकी, फोडलेली काच, मावळलेला दिवस आणि धावून येणारा माणूस पाहता आरोपीला वाटलेली भीती वाजवी होती. हातात प्रत्यक्षात काय होतं यापेक्षा त्याला काय वाटलं हे महत्त्वाचं. बाहेर लोक पेढे घेऊन आले. अप्पांनी एकाकडूनही पेढा घेतला नाही. काळा कोट माझ्या हातात देऊन म्हणाले, "हे ऑफिसात टांग," आणि तो कोट परत कधी अंगात घातला नाही.

त्यानंतर ते जगले, पण काय जगणं ते! रिव्हॉल्व्हर परत घ्यायला गेले नाहीत. संध्याकाळ झाली की घरातले दिवे आधी लावून घ्यायचे. पक्षकार घरी यायचे, अप्पा त्यांना माझ्याकडे पाठवायचे, पण तो प्रश्न काही विचारायचे नाहीत. मी सल्ला विचारायला गेले तर म्हणायचे, "तुला समदं येतंय, भोकरवाली. मला नको विचारू." दसऱ्याला माणसं सोनं घेऊन यायची तेव्हा दोन्ही हात शालीत घेऊन बसायचे आणि मानेनंच टेबल दाखवायचे, तिथं ठेव. पहिल्या वर्षी मी हट्टानं त्यांचा हात बाहेर ओढायला गेले. "अप्पा, सोनं घ्या, सोन्यासारखं राहा," म्हणाले. त्यांनी हात असा काही आखडून घेतला की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. पुन्हा मी तो प्रयत्न केला नाही.

यंदा उन्हाळ्यात ते गेले. झोपेतच गेले, कुणाला त्रास दिला नाही. रेणापूरच्या शेतात, जिथं पूजा मांडायचे त्या बांधाजवळच, त्यांना समाधी दिली. सगळं उरकल्यावर मी आक्कांना माझ्या गाडीतून लातूरला घेऊन निघाले. रस्ता तोच. दुपारचं ऊन रणरणत होतं. ती जागा आली तेव्हा मी मुद्दाम वेग वाढवला.

"हळू चालव गं," आक्का म्हणाल्या. मग खिडकीबाहेर बघत, जसं काही स्वयंपाकाचं सांगावं तसं बोलल्या, "तू मला कधी विचारली न्हाईस. कुणीच विचारलं न्हाई."

"काय, आक्का?"

"गाडीतून उतरताना हे मला काय म्हणले ते. 'तू बस आत. ह्याला दावतोच आता,' असं म्हणले."

आक्कांना साक्षीला आणू नको म्हणणारे अप्पा मला आठवले, आणि तो पुसतच राहिलेला चष्मा.

"पन खोटं कशाला बोलू," आक्का पुढं म्हणाल्या. "हात कापत होते त्यांचे. लटलट कापत होते. तोंडानं दावतो म्हणत होते आन हात कापत होते. रातरात जागून मला इचारायचे, आक्का, तू बघत होतीस, मी भ्यालतो का चिडलो होतो? मी काय सांगू? तू वकील हायस. आसं आसलं तर कायद्यात काय धरत्यात?"

एवढी वर्षं कोर्टात घालवलेली बाई मी. उत्तर तोंडात तयारच होतं. म्हणाले, "नक्की सांगता येत नसेल, तर संशयाचा फायदा आरोपीला देतात, आक्का."

आक्कांनी मान हलवली. पदरानं गालावरचा तो जुना व्रण पुसल्यासारखा केला आणि विचारलं, "आन त्या लेकराला गं? त्याच्या हातात काय हाय, ह्याचाबी संशयच होता की. त्याला कोण दिलं?"