शिवेवरचा कोळसा

माझं माहेर देवासच्या धाकट्या पातीत आणि सासर थोरल्या पातीत. ऐकणाऱ्याला वाटतं, मुलीला केवढं लांब दिलं! मधे फक्त एक रस्ता होता. एका गावात दोन पाती, म्हणजे दोन गाद्या, दोन दरबार, दोन कचेऱ्या. अलीकडचं कुत्रं पलीकडे जाऊन भुंकलं तरी कागद रंगायचे. दादा धाकट्या दरबारात मोजणीदार, आमचे हे थोरल्या दरबारात मोजणीदार. घरी दोघं जिवलग, कामावर हाडवैरी.

एका उन्हाळ्यात टोंकखुर्दकडच्या दोन खेड्यांच्या मधली विहीर आटली. एक खेडं थोरल्या पातीचं, दुसरं धाकट्या पातीचं, पाणी दोन्ही खेडी प्यायची. लोकांनी ती आणखी खोल करायला घेतली, तर दोन्हीकडचे शिपाई येऊन उभे राहिले. विहीर आमच्या हद्दीतली, परवानगी कुणाची घेतली? जुन्या मोजणीत तिथं हद्दीवर दगड रोवलेले होते. बाकीचे जागेवर होते, पण जिथं रेघ वळते तो विहिरीजवळचा दगडच गायब झाला होता. तो सापडेपर्यंत विहिरीला कुदळ लावायची नाही, असा दोन्ही दरबारांचा हुकूम सुटला. दगड शोधायला दादा आणि हे दोघंही निघाले. दोघांच्या पोटाला माझ्याच हातचं मानवायचं, म्हणून मीही पोळपाट-लाटणं घेऊन बैलगाडीत बसले. आमचा तंबू थोरल्या पातीच्या खेड्याला लागून पडला.

वरचा दगड कुणी घराच्या पायात घातला असेल, पण अशा दगडाच्या बुडाशी कोळसा पुरलेला असतो. कोळसा कुजत नाही, आणि पुरलेला कोळसा कुणी चोरत नाही. म्हणून दोघं मोजणीची साखळी ओढत, जागोजागी उकरत हिंडायचे. एकदा कोळसा लागला तेव्हा त्यांनी एकमेकांना गळामिठी मारली. पाठोपाठ त्यातून मक्याचं जळकं कणीस निघालं. गुराख्यांची चूल होती ती. मी हसून हसून लोळले. दोघं माझ्यावर रुसले आणि जेवताना भाजीला नावं ठेवली.

आमचं पाणी शेजारच्या झोपडीतली एक बाई आणायची. दिवस भरत आलेले, डोक्यावर दोन घागरी, आणि नाल्यातला झरा कोसभर लांब. एक घागर ती आमच्या तंबूपाशी ठेवायची, एक घरी न्यायची. मी तिला म्हटलं, आमच्यासाठी एवढे कष्ट कशाला घेतेस? तर म्हणाली, "तम हमारा कुआ सारू ज तो आया हो, बाईसाब." आमच्या विहिरीसाठीच तर आलात म्हणे! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच संध्याकाळी हे दादाला म्हणाले, "मेहुणे, दगड मिळून आला नाही असं लिहून टाकू. पावसाळ्यानंतर बघता येईल." दादानं मान डोलावली. दोन्ही दरबारांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. माझं डोकं फिरलं.

"खुशाल लिहा," मी म्हटलं. "पण त्या घागरीतलं पाणी पिऊन लिहू नका. आणि जायचं तर तुम्ही दोघं जा. मी इथून हलणार नाही."

"मग काय, तू शोधणार?" ह्यांनी विचारलं.

"शोधते," मी म्हटलं. कसं शोधणार ते मलाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाक उरकला की मीही उन्हात हिंडू लागले. मी हटत नाही म्हटल्यावर त्या दोघांचेही कागद कोरेच राहिले. तेवढ्यात आखातीज, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, आली. खेड्यात एक लग्न होतं. मुलीच्या पाठवणीला मीही गेले. बायका गाणी म्हणत गाडीमागून चालत होत्या. विहिरीच्या अलीकडे एका पळसापाशी सगळ्याजणी एकदम थांबल्या. मुलगी गाडीतून हात पसरत होती, तरी आई एक पाऊल पुढे टाकेना. मला तर तिचा रागच आला. शेजारच्या म्हातारीला विचारलं, इथंच का थांबलात?

"कांकड हे नी," ती डोळे पुसत म्हणाली. "छोरी ने यां तक ज पोंचावां. म्हारी सासू भी यां ज रुकती थी."

कांकड म्हणजे शीव. गावच्या लेकी पिढ्यान्‌पिढ्या इथून सासरी गेल्या, आणि आम्ही रानोमाळ उकरत बसलो होतो! मी पदर खोचला आणि तंबूवर पळत गेले.

"बायका रडतात तिथं दरबारची हद्द का?" हे म्हणाले.

"उकरून तर बघा."

पळसाच्या बुंध्याशी काही लागलं नाही. डावीकडे काही लागलं नाही. हे कुदळ खाली ठेवू लागले, तशी मी म्हटलं, झाड नंतर उगवलं असेल, चहूबाजूंनी उकरा. उजवीकडे तुटक्या दगडाचं बूड कुदळीला वाजलं. त्याखाली चेपून बसवलेला काळाभोर कोळसा होता.

या खेपेला गळामिठी झाली नाही. ह्यांनी विहिरीकडे पाहिलं. ती पलीकडे होती, म्हणजे धाकट्या पातीत गेली. ह्यांच्या दरबाराचा दावा संपला आणि आम्हाला पाणी पाजणाऱ्या खेड्याची विहीरही गेली. त्या कोळशावर पायानं माती लोटायला कितीसा वेळ लागला असता! ह्यांनी मोजणीची साखळी उचलली आणि म्हणाले, "मेहुणे, टोक धरा." तेव्हा मला ह्यांचा केवढा अभिमान वाटला, ते तोंडानं कधी बोलले नाही.

घागरवालीला मीच जाऊन सांगितलं, विहीर पलीकडची निघाली गं. वाटलं, आता रडेल.

"पेलां पाणी तो निकलवा दो," ती म्हणाली. "फेर देखां, कुण रोके." आधी पाणी तर काढून द्या, मग बघू कोण अडवतं म्हणे!

मग मी दादासमोर ठाण मांडलं. विहिरीवर दोन्ही गावांचा दोर चालेल, हे त्यानं कागदात उतरवल्यावरच त्याला ताट वाढलं. उपाशी पोटी भाऊ लवकर समजूतदार होतो.

आमचा मुक्काम हलायच्या आत विहिरीला पाणी लागलं. सकाळी ती बाई दोन घागरी भरून पळसावरून अलीकडे आली. मी सवयीनं घागर उतरवून घ्यायला पुढे झाले. ती थांबली नाही. माझ्याकडे पाहून हसली आणि दोन्ही घागरी घेऊन सरळ आपल्या घरी गेली. मी रिकामी कळशी उचलली आणि विहिरीची वाट धरली.