उरलेला बोल्ट
खणात चावी शोधताना तो छोटा काळा बोल्ट हाताला लागला आणि श्रीवर्धनची ती सकाळ आठवली. सायकलची शर्यत होती, एकेकट्याने घड्याळाशी लढायची. बाकीच्यांकडे त्यासाठीच्या खास सायकली होत्या. लेकीच्या साध्या रोड बाइकवर पुढे वाकून धरायचे दांडे मीच बसवून दिले होते. ती सुटली, वाळत घातलेल्या सुपारीच्या वासातून वळणाआड गेली, आणि मी खिशात हात घातला तर त्या दांड्यांचा हा बोल्ट, बसवायचा राहिलेला. पुढे समुद्राकडचा मोठा उतार होता आणि तिचा फोन माझ्याकडेच होता. मी रस्त्याकडेच्या, सुपारी वाळत घातलेल्या अंगणाच्या दगडी गडग्यापाशी येरझाऱ्या घालत राहिलो. सुपारी उलटणारे काका म्हणाले, "बसा जरा, येल ती. रस्ता काय पलून जात न्हाय." तासाभराने ती आली, शेवटून दुसरी, साधं हँडल धरून. "बाबा, दांडे हलत होते, म्हणून धरलेच नाहीत. काल मीच ते पुढे सरकवले ना, नीट आवळले नसतील. माझंच चुकलं." बोल्ट माझ्या मुठीत होता. मी म्हणालो, "असू दे." आजही शर्यतीआधी ती प्रत्येक बोल्ट दोनदा तपासते, आणि मी सायकल धरून गप्प उभा असतो.